नसीम, तुझी सोन्याची काच

नसीम,

परवा तुला नेलं तेव्हा मी तुमच्या ओट्यावरच उभी राहिले. माणसं तुला घेऊन गल्लीच्या वळणापर्यंत दिसली, मग दिसेनाशी झाली. आत बायका कुराण वाचत बसल्या होत्या आणि मला कुठे बसावं ते कळेना. शेजारच्या दोघी दाराशी हळू आवाजात बोलत होत्या. एक म्हणाली, "पुण्याले सोन्याचं कायतरी करत होती." दुसरीने विचारलं, "डॉक्टर होती ना?" पहिली म्हणाली, "हाव, पण औषध देणारी नाही."

अशा वेळी मला हसू आलं, नसीम. तू असतीस तर त्यांच्याजवळ मांडी घालून बसली असतीस आणि त्यांचा चहा गार होईपर्यंत सगळं समजावून सांगितलं असतंस. मी नाही गेले.

म्हणून आता तुझ्याशीच बोलते.

बुलडाण्याच्या होस्टेलमध्ये आपण एका खोलीत आलो ती कुणाची निवड नव्हती. यादीत नावं मागेपुढे लागली, एवढंच. मी देऊळघाटची, वडील तहसिलीत कारकून, खोलीत आल्या आल्या मी देवाचा फोटो खिळ्याला लावला आणि मग तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "लाव ना वो. पण खिडकीची जागा मले दे. मले उजेड लागते." मला वाटलं अभ्यासाला उजेड लागत असेल. तुला नुसता उजेडच लागायचा. साबणाच्या पाण्याचा फुगा खिडकीत धरून त्यावरचे रंग कसे सरकतात ते तू तासन्‌तास बघायचीस. मी विचारलं, यात बघण्यासारखं काय आहे? तू म्हणालीस, "पाण्याले रंग नाही, साबणाले असा रंग नाही. मंग हा आला कुठून? पातळ झालं म्हणून आला." पुढची वीस-बावीस वर्षं तू तेच करत राहिलीस, फक्त साबणाच्या जागी सोनं आलं.

तुझ्या अब्बांनी नांदुऱ्यात दागिन्यांवर मुलामा चढवण्यात आयुष्य घालवलं. तू पीएच.डी.साठी काय करतेस ते एकदा तू त्यांना माझ्यासमोर सांगत होतीस. काचेवर सोन्याचा थर द्यायचा, इतका पातळ की त्यातून पलीकडचं दिसावं. त्या थराला ओळीने भोकं पाडायची, डोळ्यांना काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारी. मग त्यातून पांढरा प्रकाश सोडला की एक ठरावीक रंगच जोराने पार होतो. आणि त्या सोन्यावर कुठला रेणू येऊन चिकटला की तो रंग जरासा तांबड्याकडे सरकतो. किती सरकला ते मोजायचं. त्यावरून कोण येऊन बसलं आणि किती जण बसले ते कळतं. अब्बांनी सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "बेटा, इतकं पातळ सोनं काय कामाचं? गहाणही ठेवता येत नाही." तू इतकी हसलीस की तुझी ओढणी चहात पडली.

पुण्यात मी तुझ्याबरोबरच होते, पण माझी खोली वेगळी आणि माझं कामही वेगळं. तू प्रकाशवाली, मी प्रथिनंवाली. तुझं सोनं आपणहून कुणालाच ओळखत नव्हतं. त्याच्यावर कुणीही येऊन बसायचं, धूळसुद्धा. ओळख शिकवायचं काम माझं होतं. सोन्यावर आधी अँटिबॉडीचा थर चढवायचा. अँटिबॉडी म्हणजे एकाच प्रथिनाला पकडणारं प्रथिन. दुसरं काही समोरून गेलं तरी ती हात पुढे करत नाही. तू सोनं द्यायचीस, मी त्याला ओळखणारे हात बसवून द्यायचे. आपण दोघी मिळून एक वस्तू होतो, असं मला तेव्हा वाटायचं. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "नाटक नको करू वो."

पुण्यात तुझ्या "मले-तुले"ला लोक हसायचे. सेमिनारमध्ये तू "हे सरकून राह्यलं" असं म्हणालीस आणि मागच्या रांगेत खसखस पिकली. तू थांबलीस, त्यांच्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "सरकतंय. आता तरी आकड्याकडं पाहा." मग कुणी हसलं नाही.

पुढे मी बुलडाण्याला परत आले, कॉलेजात लागले. तू पुण्यातच राहिलीस. आणि मग ते वर्ष आलं, ज्याबद्दल आपण सर्वांत जास्त भांडलो.

तू गेल्यावर आलेल्या माणसांनी त्या वर्षाबद्दल एक शब्दही काढला नाही. ते बरं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही.

बीटी कपाशी आली तेव्हा आपल्याकडच्या लोकांना वाटलं होतं की बोंडअळीचा विषय संपला. झाडाच्या अंगातच अळीला मारणारं प्रथिन. फवारणी कमी, कापूस भरघोस. काही वर्षं तसं झालंही. मग बियाण्याची पाकिटं महाग झाली, नावं वाढली, खरं कुठलं आणि नकली कुठलं ते कळेनासं झालं. आणि त्या हंगामात गुलाबी अळी परत आली. बोंडं वरून हिरवीगार, हातात घेऊन फोडली की आत सडकी. सोनाळ्यात तर शेतंच्या शेतं गेली. दिवाळीआधी लोक झाडं उपटायला लागले होते.

सोनाळ्यात बियाण्याचं मोठं दुकान होतं तुझ्या यासीन मामूंचं. अम्मींचे सख्खे धाकटे भाऊ. लहानपणी सुट्टीत तुला खांद्यावर बसवून शेतात नेणारे तेच. गावाने ठरवलं की मामूंनी नकली बियाणं विकलं. दुकानावर दगड पडले. कंपनीची माणसं आली, त्यांनी स्वतःजवळच्या, बीटीचं प्रथिन आहे की नाही ते दाखवणाऱ्या पट्ट्या पानांच्या रसात बुडवून दाखवल्या आणि म्हणाली, बियाणं अस्सल आहे. गावाने म्हटलं, तुमची पट्टी, तुमचं बियाणं, तुमचीच साक्ष. त्यात आणखी काय काय बोललं जात होतं ते तुला आणि मला दोघींना ठाऊक होतं. मामूंचं नाव यासीन होतं एवढ्यावरून काही लोकांचं अर्धं उत्तर आधीच ठरलं होतं.

तू फोन केलास. "मी काच बसवलेली पेटी घेऊन येऊन राह्यली. तू बीटीची अँटिबॉडी घेऊन ये."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? तो तुझा मामा आहे. बियाणं खरं निघालं तर म्हणतील भाचीने वाचवलं. खोटं निघालं तर घरातून जाशील."

"मंग?"

"मंग काय? दुसऱ्या कुणाला तरी करू दे."

"दुसऱ्या कोणाजवळ आहे?"

मग मी दुसरं कारण काढलं. पट्टी हो-नाही सांगते तेवढं गावाला पुरे आहे, तुझी काच अजून प्रयोगशाळेबाहेर कधी गेली नाही, उन्हात रंग दाखवणारी रेघ भरकटेल. हे सगळं खरं होतं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "पट्टी फक्त हो की नाही सांगते. मले किती ते पाह्यजे. अन् भरकटली तर सांगू, भरकटली म्हणून."

मी आले. नांदुऱ्याहून आपण एसटीने निघालो, पेटी तुझ्या मांडीवर, माझ्या मांडीवर बर्फाचा डबा.

सोनाळ्याच्या शाळेचा व्हरांडा आठवतो तुला? मुख्याध्यापक भला माणूस. तू त्यांना आधीच सांगून ठेवलं होतंस की गावातल्याच लोकांनी पानं तोडायची, पुड्या बांधायच्या, पुड्यांवर नुसत्या खुणा करायच्या. कुठली पुडी कुणाच्या शेतातली हे फक्त सरांना माहीत. आपल्या दोघींना नाही, मामूंनाही नाही. तुलना करायला बीटी नसलेलं झाड हवं होतं. पाकिटासोबत साध्या बियाण्याची लहान पुडी मिळायची, शेताच्या कडेने लावायला. सगळ्यांनी ती फेकून दिली होती. शेवटी एका म्हातारीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चार झाडं सापडली.

भारनियमन होतं. तुझी पेटी कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालली. उजेड आत शिरू नये म्हणून तू पेटीवर घोंगडी टाकलीस आणि स्वतः डोकं आत घालून बसलीस. मी बर्फावर ठेवलेल्या खलबत्त्यात पानं वाटत होते. समोर पटांगणात सगळं गाव. सर्वांत पुढे प्रल्हादभाऊ, ज्यांनी मामूंच्या विरोधात तक्रार दिली होती. ते घोंगडीपाशी येऊन वाकून विचारायचे, "सरकली का रेघ?"

आतून तुझा आवाज यायचा, "थांबा भाऊ. थेंब आत्ताच टाकला."

"आता?"

"भाऊ, तुमी बोलले की टेबल हालते."

लोक हसले. त्या दिवशी ते एकदाच हसले.

दुपारी ऊन वाढलं तशी रेघ खरोखरच भरकटायला लागली. तू बाहेर आलीस, घामाने चिंब, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "ह्या दोन पुड्यांचं मी काही सांगू शकत नाही. गरमीनं बिघडलं. पुन्हा करू." मी तुला बाजूला ओढून म्हटलं, हे मोठ्याने कशाला सांगायचं, लोकांचा विश्वास उडेल. तू म्हणालीस, "उडाला तर उडू दे." आपण ऊन उतरेपर्यंत थांबलो आणि त्या पुड्या पुन्हा केल्या.

मग तू उभी राहिलीस. तुझ्या अंगावर तो पिवळा कुर्ता होता, बाहीवर पानांच्या रसाचे डाग.

"बहुतेक पुड्यांमधे बीटीचं प्रथिन आहे," तू म्हणालीस. "म्हणजे थे बियाणं खरं होतं. तरी अळी पडली. अन् काही पुड्यांमधे काहीच नाही. धुऱ्यावरच्या साध्या झाडासारखं. थे बियाणं नकली होतं."

मुख्याध्यापकांनी खुणा जुळवल्या. ज्या शेतांत काहीच निघालं नाही, त्या सगळ्यांनी एकाच नावाची पाकिटं घेतली होती, पेरणीच्या शेवटी, दुकानातला बाकी माल संपल्यावर. दुकान एकच. मामूंचं.

मामू कडुनिंबाखाली उभे होते. तू सगळ्या गावासमोर त्यांना विचारलंस, "मामू, हे पाकिटं कुठून आणले?"

मला अजून त्यांचा चेहरा दिसतो. ते म्हणाले, "तू मले इथं विचारून राह्यली? घरी नाही विचारता आलं?"

तू म्हणालीस, "घरी विचारलं असतं तर घरातच राह्यलं असतं."

मग मामूंनी सांगितलं. माल कमी पडला होता, लोक दारात उभे होते, एक गाडीवाला आला, बिल नव्हतं, त्यांनी घेतलं. नकली आहे हे माहीत नव्हतं. विचारलंही नव्हतं. एवढं बोलून ते खाली बसले, मातीतच.

गावाला हवं होतं ते मिळालं, असं मला वाटलं. पण प्रल्हादभाऊ उठले. त्यांची पुडी खरी निघाली होती. ते म्हणाले, "माहं बियाणं खरं होतं ना? मंग माह्या बोंडात अळी काऊन?"

"मले माहीत नाही, भाऊ."

"मंग कशाले आली वो तू?"

तू पेटीवरची घोंगडी काढून तिची घडी घालायला लागलीस. ज्यांचं बियाणं नकली होतं त्यांना निदान भांडायला एक माणूस मिळाला होता. ज्यांचं खरं होतं, त्यांच्या हातातून तू तेही काढून घेतलंस. त्यांचं पीक तर गेलंच होतं.

परतीच्या एसटीत तू खिडकीच्या गजाला डोकं टेकवून बसलीस. पेटी मी घेतली. तू घाबरली होतीस का, की दमली होतीस, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही विचारलं नाही. आता विचारते आहे आणि तू नाहीस.

मामूंनी ते पाकीट ज्यांना ज्यांना विकलं होतं त्यांच्या दारी जाऊन भरपाई केली. कुणी सांगितलं म्हणून नाही. बियाण्याचं दुकान बंद केलं, तिथे किराणा टाकला. आणि तुझ्याशी बोलणं सोडलं. ईदला ते नांदुऱ्याला आले नाहीत. तू सोनाळ्याला गेलीस की ते मागच्या दाराने शेतात निघून जायचे. मामी तुला वाढायच्या, तू जेवायचीस, वाट बघायचीस आणि परत यायचीस. अम्मी तुला म्हणाल्या, "माफी मागून घे." तू म्हणालीस, "कायची?" अम्मी म्हणाल्या, "कायचीही माग. भाऊ आहे माहा." तू मागितली नाहीस. मलाही वाटलं होतं की तू मागावीस. निदान जागेची, चारचौघांत विचारल्याची. पण तुला ती जागा आणि ते विचारणं वेगळं करताच येत नव्हतं.

प्रल्हादभाऊंचा प्रश्न मात्र तुला सोडेना. पुढचे दोन हंगाम तू पुण्याहून सोनाळ्याच्या फेऱ्या केल्यास. पानं सोडलीस, बोंडं धरलीस, कारण अळी बोंडात राहते. आणि तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं, जे तू जाईपर्यंत चाललं.

तुझं म्हणणं, झाड म्हातारं होत जातं तसं प्रथिन कमी होतं, पानात भरपूर असलं तरी बोंडात पुरेसं नसतं, तिथे अळी जगते. माझं म्हणणं, बोंडाचा रस चिकट आणि तेलकट, तो तुझ्या सोन्यावर कसाही बसतो, त्यात खरं किती आणि मळ किती ते कळत नाही. आणि माझं दुसरं म्हणणं, झाड नाही, अळीच बदलली असेल. इतकी वर्षं तेच विष खाऊन तिला ते पचायला लागलं असेल, आणि ते तुझ्या काचेवर दिसणार नाही. तू झाडाकडे बोट दाखवायचीस, मी अळीकडे. फोनवर, चहावर, अम्मींच्या स्वयंपाकघरात. अम्मी लाटणं हातात घेऊन म्हणायच्या, "काऊन भांडून राह्यल्या वो पोरी? अळी तर मरून गेली असन आतापर्यंत."

पुढे मोठमोठ्या लोकांनी सांगितलं की अळीत प्रतिकारशक्ती आली आहे. मी तुला फोन केला, थोडी मिजाशीतच. तू म्हणालीस, "बरं झालं. म्हणजे तू अर्धी बरोबर. माह्या बोंडाचा प्रश्न त्यानं संपत नाही." मग तू प्रल्हादभाऊंना फोन करून सगळं सांगितलंस. ते काय म्हणाले असं मी विचारलं. तू म्हणालीस, "म्हणे, मी तर आता सोयाबीन लावलं."

पाय सुजायला लागले तेव्हा तू ते कुणाला सांगितलं नाहीस. मूत्रपिंडं गेली आहेत हे कळलं तोवर उशीर झाला होता. तू पुणं सोडून नांदुऱ्याला आलीस आणि डायलिसिससाठी अकोल्याला जायला लागलीस. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, आपल्याकडचं खारं पाणी, दुसरं काय. तू बिछान्यावरून विचारायचीस, "मोजलं का कोणी?" माणसं ओशाळायची. मी एकदा चिडले. म्हटलं, नसीम, ती माया करायला आली आहेत, परीक्षा द्यायला नाही. तू म्हणालीस, "मायाच करा मंग. कारण नका सांगू." त्या दिवशी मी रागाने लवकर घरी गेले. आता वाटतं, तुझं बरोबर होतं. कारण सापडलं की माणसं उठून निघून जातात. तुला त्यांनी बसायला हवं होतं.

मग एक दिवस अकोल्याच्या त्या खोलीत, तुझ्या हाताला नळ्या लावलेल्या असताना, दारात यासीन मामू येऊन उभे राहिले. टोपी हातात चुरगाळलेली. मी खुर्ची सोडून उठले. ते बसले नाहीत. तुझ्याकडे न बघता, यंत्राकडे बघत म्हणाले, "माही एक किडनी घे."

तू म्हणालीस, "मामू, तुमी आधी बसा तर."

"बसतो. पहिले हाव म्हण."

तू हो म्हणालीस. तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला आणि मामू तेवढ्यानेच खूश झाले. वॉर्डातल्या सगळ्यांना सांगत सुटले. पण पुढची चाचणी, दोघांचं रक्त एकमेकांसमोर ठेवायची, ती वाईट आली. तुझ्या रक्तात मामूंच्या पेशींवर तुटून पडणाऱ्या अँटिबॉडी होत्या. आधी तुला रक्त चढवलं होतं, त्यातून तयार झाल्या असतील, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांचं मूत्रपिंड तुला बसवलं असतं तर तुझ्या शरीराने ते लगेच नाकारलं असतं.

हे मामूंना समजावून सांगायचं काम माझ्यावर आलं. मी जन्मभर अँटिबॉडी शिकवत आले, पण तेव्हा एक वाक्य धड जुळेना. मामूंनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तिच्या रक्तानंही मले माफ नाही केलं."

तू जागी होतीस हे आम्हाला माहीत नव्हतं. तू हसायला लागलीस, इतकी की नळी हलली, यंत्र वाजायला लागलं आणि सिस्टर धावत आली. तू म्हणालीस, "मामू, रक्ताले कोण मामू अन् कोण गाडीवाला, काही कळत नाही. थे फक्त चिकटते नाही तर चिकटत नाही. माफीचं मले विचारा."

"विचारतो मंग."

"मी कधी रागावली होती तुमच्यावर? तुमीच मागच्या दारानं पळत होते."

मामू तेव्हा बसले.

त्यानंतर दर फेरीला ते तुला नांदुऱ्याच्या स्टेशनावरून गाडीत बसवायचे आणि स्वतः बरोबर यायचे. एका हातात डबा, एका हातात तुझी चादर. तुम्ही दोघं काय बोलायचात ते मी ऐकलंय. कुठलं वाण कुठल्या मातीत चांगलं येतं. तुरीचं काय चाललंय. तू शास्त्रज्ञ आणि ते किराणावाले, आणि दोघांच्या बोलण्यात त्या व्हरांड्याचा विषय एकदाही आला नाही. मला वाटायचं आता येईल, आता येईल. नाही आला. तुम्हा दोघांना तो नकोच होता बहुतेक. मीच उगाच वाट बघत होते.

शेवटच्या महिन्यात तुझा आवाज बसला होता. मी आले की तू डोळ्यांनी विचारायचीस, काय वाचलंस. मी नवीन काही सांगायचे. कुणी सोन्याऐवजी दुसरा धातू वापरला, कुणी भोकांचा आकार बदलला. तू ऐकायचीस. एकदा कष्टाने म्हणालीस, "बोंडाचं राह्यलं ना आपलं." मी म्हटलं, राहिलं. तू म्हणालीस, "तू खरी ठरू नको वो. निदान मी असेपर्यंत." आणि हसलीस. मी तुझी चादर नीट केली. मला म्हणायचं होतं की तू खरी ठरलीस तर मला आवडेल, मी जन्मभर तुझ्याविरुद्ध बोलले ते तुला आणखी बोलायला लावण्यासाठी. पण चादरच नीट करत राहिले.

काल सकाळी मी पुन्हा तुमच्या घरी गेले. पाहुणे बरेचसे गेले होते. मामू बाहेर ओट्यावर तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत बसले होते. अम्मी आत एकट्या, तुझ्या खोलीतले कपडे घडी करत. मी त्यांच्या शेजारी बसले आणि एक दुपट्टा उचलून घडी घालायला लागले.

मग त्यांनी हातातली घडी खाली ठेवली.

"बेटा, एक विचारू? खरं सांगजो."

"विचारा, अम्मी."

"तिले दुखत होतं का? मी रोज विचारो. दुखते का बेटा? तर म्हणे, नाही अम्मी, बिलकुल नाही. रोज म्हणे."

मी खाली बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं आणि त्यांनी ते मानलंही असतं.

"हाव, अम्मी," मी म्हटलं. "लय दुखत होतं. सुई घालतानी ती माहा हात इतका दाबे की वळ उठत. अन् घरी आल्यावर रात्रभर पाय ओढत. तुम्ही जेवण सोडसान म्हणून तिनं सांगितलं नाही. मलेही सांगू नको म्हणे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"साऱ्या गावासमोर खरं बोलली," त्या म्हणाल्या. "माह्या सख्ख्या भावाले नाही सोडलं. अन् मले खोटं सांगितलं?"

"हाव."

"रोज?"

"रोज, अम्मी."

त्यांनी दुपट्टा माझ्या हातातून घेतला, तोंडावर धरला आणि रडायला लागल्या. तू गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, नसीम. मामू दारात आले, मी त्यांना हाताने थांबवलं. अम्मी पुष्कळ वेळ रडल्या.